ऐकू येते, पण कळत नाही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, की या वर्षी बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही, सभासदांपैकीच कोणीतरी बोलायचे, आणि ते तुम्ही बोलायचे. मी सातवी झालेली बाई. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. भाषण म्हणून काय केले असेल ते शाळेत एकदा टिळक पुण्यतिथीला, आणि तेही अर्ध्यावर विसरले होते. मी नको म्हटले. पण त्या म्हणाल्या, "हळदीकुंकवाला तुम्ही कानाचे सांगत होता ना, तेच सांगा." म्हणून आज उभी आहे. आपल्यात शिकलेल्या भगिनी आहेत, शाळेतल्या बाईही आहेत. माझे कुठे चुकले तर त्यांनी सुधारून घ्यावे.

आधी घरची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच मी या भानगडीत पडले. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तुम्ही सगळ्या ओळखता. मंडळाच्या भजनात तंबोरा धरून बसायच्या त्या. त्यांना विचारूनच मी हे सांगते आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वीपासून आमच्या घरात एक कुरबुर सुरू झाली. मी हाक मारली तर आत्याबाई ओ देत नसत. ह्यांनी हाक मारली, की लगेच "काय रे" म्हणून वळत. मी विचारावे, "शिऱ्यात साखर किती घालू?" आणि त्यांनी म्हणावे, "मला दोनच भाकरी पुरेत." धाकटी शाळेतून येऊन काही सांगू लागली, की नुसती मान हलवायच्या. पण शेजारच्या खोलीत आम्ही दोघे हळू आवाजात बोललो, तर त्यातले एखादे वाक्य त्यांना नेमके कळायचे. मग मी काय समजायचे? मी समजले, की यांना हवे ते ऐकू येते, नको ते येत नाही. मुलाचे ऐकायचे, सुनेचे नाही. हे मी मनात ठेवले असे नाही, बहिणीजवळ बोललेही. तुमच्यातल्या एकदोघींजवळही बोलले असेन.

आणि २०१६ सालच्या श्रावणात एक गोष्ट घडली. सकाळी माहेराहून फोन आला, माझे वडील गेले. हे गावात नव्हते. आत्याबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या, नळ चालू, त्या भांडी विसळत होत्या. मी दारातूनच, तोंडाला पदर लावून, कसेबसे म्हणाले, "आत्याबाई, बाबा गेले." त्या वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं. चहा टाक."

मी पिशवी उचलली आणि निघाले. त्या संध्याकाळी त्या ह्यांच्याबरोबर माझ्या माहेरी आल्या, माझ्या आईजवळ बसल्या, सगळे रीतीप्रमाणे केले. पण ते "बरं झालं" माझ्या मनातून गेले नाही. सात वर्षे गेले नाही. एका घरात राहून, एका ताटात वाढून, मी त्यांच्याशी कामापुरते बोलत होते.

आता ते तिथेच ठेवते आणि विषयाकडे वळते.

माझी धाकटी नववीत होती तेव्हा तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीचा पाठ होता. ती मोठ्याने वाचायची आणि मी भाजी निवडत ऐकायची. त्यातली पहिली गोष्ट अशी, की आवाज म्हणजे हलणे. काहीतरी थरथरल्याशिवाय आवाज नाही. घंटेवर टोल दिला आणि लगेच बोट टेकवले, तर बोटाला मुंग्या येतात आणि घंटा गप्प होते. दुसरे करून पाहण्यासारखे म्हणजे, पातेल्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधा, वर चिमूटभर रवा टाका, आणि जवळ तोंड नेऊन "ऊ" म्हणा, कागदाला स्पर्श न करता. रवा नाचतो. आमच्याकडे हे पाहायला शेजारची सगळी मुले जमली होती.

मला अडले ते पुढे. मला वाटायचे, की मी बोलते तेव्हा माझ्या तोंडातली हवा तुमच्या कानापर्यंत जाते. तसे नाही. पंढरपूरला दर्शनाच्या रांगेत आपण उभ्या असतो. मागून कोणी ढकलले, की मागची बाई पुढचीवर रेलते, पुढची तिच्या पुढचीवर, आणि धक्का पार पुढे जातो. बाई मात्र आपल्याच जागी परत येते. हवेचे कण तसेच. एकमेकांना रेटतात आणि जागेवर येतात, पुढे जातो तो धक्का. हवाच नसेल तर धक्का नेणार कोण? म्हणून चंद्रावर कोणी कितीही ओरडले तरी शेजारच्याला ऐकू जाणार नाही. हवेतून हा धक्का सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज चमकली, की आकडे मोजायला लागा. तीन सेकंदांनी गडगडले, तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली असे धरावे. आमच्या धाकटीची विजेची भीती या मोजण्याने बरीच गेली.

पाण्यातून आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि लोखंडातून त्याहूनही पुष्कळ वेगाने. धाग्यातूनही जातो. ही पहा, मी घरून आमटीची पळी आणली आहे. हिच्या दांड्याला मधोमध दोरा बांधला आहे. दोऱ्याची दोन्ही टोके दोन बोटांना गुंडाळायची, बोटे कानांवर दाबायची, आणि लोंबती पळी टेबलाला आपटायची. (येथे दोन भगिनींनी पुढे येऊन पाहिले.) बघा, त्यांना देवळातल्या घंटेसारखे ऐकू आले आणि तुम्हाला नुसते टिंग. पळी तीच, आपटणे तेच. त्यांच्याकडे आवाज दोऱ्यातून आणि हाडातून गेला. आपण बोलतो तेव्हा आपलाही आवाज आपल्याला हवेतून आणि डोक्याच्या हाडांतून असा दोन्हीकडून येतो. मोबाईलमध्ये आपला आवाज भरून ऐकला, की "हा माझा नव्हेच" असे वाटते ना? त्यात हाडातला वाटा नसतो. दुसऱ्यांना आपण तशाच ऐकू येतो, याला इलाज नाही.

आता मुख्य मुद्दा. हे हलणे दोन प्रकारे कमीजास्त होते. एक, किती जोराने हलले, त्यावर आवाज मोठा की लहान ते ठरते. त्याचे माप डेसिबल. दुसरे, एका सेकंदात किती वेळा हलले, त्यावर आवाज जाड की बारीक, खर्जातला की वरच्या पट्टीतला, ते ठरते. त्याचे माप हर्ट्झ. चांगल्या तरुण कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत हेलकावे ऐकू येतात. मोठा आणि बारीक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या एकच समजत होते. आपण सगळ्याच समजतो. कोणाला ऐकू कमी येते म्हटले, की आपण ओरडायला लागतो.

बारीक आवाजाची आणखी एक खोड आहे. जाड आवाजाची लाट लांब असते. २५० हर्ट्झची लाट जवळजवळ सव्वा मीटरहून लांब. ती दारातून, कोपऱ्यावरून वळून येते. ४,००० हर्ट्झची लाट वीतभरसुद्धा नसते, ती भिंतीला, पडद्याला, माणसाच्या डोक्यालासुद्धा अडते. मिरवणूक लांबच्या गल्लीत असते तेव्हा आपल्याला ढोल ऐकू येतो, झांज ऐकू येत नाही, त्याचे एक कारण हे.

आता कानात शिरू. बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसते सूप, आवाज गोळा करणारे. आत इंचभर नळी, तिच्या शेवटी पडदा. पडद्याला लागून तीन इवलीशी हाडे, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड, सुमारे तीन मिलिमीटर, तांदळाच्या कणीएवढे. ही हाडे कशाला हवीत? तर त्यांच्या पलीकडे पाणी आहे. कृष्णेत बुडी मारली, की काठावरच्या बायकांचे बोलणे ऐकू येईनासे होते, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक परत जातो. कानातही तीच अडचण. म्हणून मोठ्या पडद्यावरचा धक्का या हाडांनी लहानशा जागेवर एकवटून पाण्यात रेटायचा. देवाने किंवा निसर्गाने, कोणीही केले असो, केले मात्र हिशेबाने.

पलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे. उलगडली तर साडेतीन सेंटीमीटर भरेल. तिच्यात सुमारे पंधरा हजार पेशी, त्यांच्या टोकाला केसांसारखे बारीक तंतू. पाणी हलले, की तंतू वाकतात आणि मेंदूकडे निरोप जातो. यातली नवलाची गोष्ट अशी, की बारीक आवाज शंखाच्या तोंडाशी उमटतो आणि जाड आवाज पार आत टोकाशी. जणू पेटीच्या पट्ट्या ओळीने मांडल्या आहेत. ही लाट शंखात कशी चालते ते हंगेरीतल्या ग्यॉर्ग फॉन बेकेशी यांनी शोधले. ते टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनचे काम करता करता कानाकडे वळले होते. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या केसांच्या पेशी जन्मताना मिळतात तेवढ्याच. मेल्या की माणसाला नव्या येत नाहीत. आणि वय होते तसतशा शंखाच्या तोंडाशी असलेल्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, आधी जातात.

इथे मला तंबोऱ्याचे सांगितलेच पाहिजे. आपण मिरजेच्या बायका, सतारमेकर गल्ली आपल्याला नवी नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात आणि इथे त्यांचे तंबोरे होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तो बरोबर जागी बसला, की तार बोलू लागते. तिला जवारी लागली म्हणतात. तार घोडीच्या उतरत्या पाठीला हलकेच घासत हलते, आणि मूळ सुरावर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, असे कितीतरी बारीक सूर चढतात. सर चंद्रशेखर रामन यांना नोबेल मिळाले ते प्रकाशाबद्दल १९३० साली, पण त्याआधी १९२१ साली त्यांनी तंबोऱ्याच्या या घोडीवर लिहिले होते. ही झणझण सगळी बारीक सुरांची.

आमच्या आत्याबाई एक दिवस म्हणाल्या, "तंबोरा बोलत नाही आता, नुसता घुमतो." आम्ही तो गल्लीत नेऊन जवारी काढून आणली. त्या म्हणाल्या, "नाही, तसाच आहे." दुसऱ्यांदा नेला. कारागीर म्हणाले, "वहिनी, वाद्यात काही दोष नाही." आम्ही हसलो, म्हातारपणचा हट्ट म्हणून. पुढे त्यांनी भजनाला बसणेच सोडले. दोष कुठे होता ते तंबोऱ्याने सांगितले होते, पण ते आमच्यातल्या कोणाला कळले नाही.

२०२३ साली शेवटी कानाची तपासणी झाली. त्याआधी ह्यांनी एका दुकानातून स्वस्तातले मशीन आणले होते. त्याने सगळेच मोठे ऐकू यायचे, आणि दोन दिवसांत ते कपाटात गेले. तपासणीला काचेची बंद खोली होती. कानावर वेगवेगळ्या पट्टीचे सूर लावतात, ऐकू आला की बटण दाबायचे. मग कानामागच्या हाडावर एक बटणासारखे यंत्र ठेवून पुन्हा तेच. हाडातून नीट ऐकू आले आणि हवेतून नाही, तर दोष बाहेरच्या बाजूला, मळ असेल, पडदा असेल. दोन्हीकडून सारखेच कमी, तर दोष आतल्या शंखात. आत्याबाईंचे दोन्हीकडून सारखे होते. तपासणाऱ्या मुलीने मला कागद दाखवला. २५० हर्ट्झला रेघ जवळजवळ चांगल्या कानासारखी, आणि पुढे ती कौलारू छपरासारखी खाली खाली गेलेली. ४,००० ला तर ७० डेसिबलपर्यंत.

ती मुलगी म्हणाली, "काकू, यांना ऐकू येतं, पण कळत नाही. हे दोन वेगळं आहे." मग तिने मला समजावले ते मी तुम्हाला सांगते. आपल्या बोलण्यात आ, ई, ऊ, ओ हे स्वर जाड आणि जोरकस असतात. बोलणे चालू आहे हे त्यांच्यावरून कळते. पण शब्द कोणता ते कळते व्यंजनांवरून, आणि स, श, फ, ख, थ ही बारीक, फुसफुशीत असतात. साखरेतला स आणि ख गेला, की राहिले काय? "आ-अ-र". भाकरीचेही तेच. ओरडल्याने आ आणखी मोठा होतो. स जिथल्या तिथेच राहतो. म्हातारे माणूस म्हणते, "ओरडू नकोस गं," आणि आपल्याला वाटते, हळू बोलले तर ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोलले तर चालत नाही, काय करावे यांना?

मी विचारले, "मग मुलाचे कसे ऐकू येते?" ती म्हणाली, "पुरुषाचा आवाज खालच्या पट्टीतला. तुमच्या आणि मुलीच्या आवाजात बारीक भाग जास्त." इतकेच. मी त्या कागदाकडे बघत राहिले. सात वर्षांचे माझे भांडण त्या एका रेघेवर होते.

घरी आल्यावर दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या समोर बसले आणि ते श्रावणातले सगळे विचारले. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं पोरी, मला 'बाबा आले' ऐकू आलं. मी चार कप काढले होते की गं. तू गेलीस ते मला वाटलं, त्यांना स्टँडवरून आणायला. दुपारी हा आला आणि त्याच्या तोंडून मला कळलं. मला वाटलं, हिने एवढी मोठी गोष्ट मला सांगायच्या लायकीची सुद्धा समजलं नाही."

म्हणजे सात वर्षे त्याही मनात तेच घेऊन बसल्या होत्या. आणि चार कप ओट्यावर होते, हे मला तेव्हा आठवले. परत आल्यावर मीच ते विसळून ठेवले होते.

ग हे अक्षर स-श इतके बारीक नाही, हे मी त्या मुलीला पुन्हा जाऊन विचारले. ती म्हणाली, व्यंजन क्षणभराचे असते, स्वर लांबतो. त्यात त्यांची पाठ, वाहता नळ, माझा पदर आणि माझे रडणे. मग उरणार काय, "आ-ए" एवढेच. तेव्हा दोष नुसता त्यांच्या कानाचा नव्हता.

आता आत्याबाईंना चांगले मशीन आहे. ते कोणती पट्टी किती कमी आहे ते पाहून तेवढीच वाढवते. पण त्याने तरुण कान परत येतो असे कोणी समजू नये. कुकरची शिट्टी आणि भांडी आपटल्याचा आवाज त्यांना त्यातून फार कर्कश लागतो, म्हणून स्वयंपाकघरात त्या ते काढून ठेवतात. भजनाला मात्र लावतात. तंबोरा पूर्वीसारखा नाही लागत म्हणतात, पण "थोडा बोलतो."

आम्ही घरात एवढे करतो. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, जवळ जायचे. आधी खांद्याला हात लावायचा, मग समोर, उजेडात तोंड करून बोलायचे. नळ आणि टीव्ही आधी बंद. ओरडायचे नाही, सावकाश बोलायचे. एक शब्द नाही कळला तर तोच चारदा म्हणण्यापेक्षा दुसरा घ्यायचा, साखर नाही कळली तर "गोड किती करू" म्हणायचे. कानात तेल आणि केसाची पिन, हे दोन्ही आमच्या घरातून गेले. तुमच्याकडेही जावे, पडदा फाटायला एक धक्का पुरतो.

चिटणीसबाई घड्याळ दाखवत आहेत, पण एक राहिले. वयाने गेलेल्या पेशींना आपण काय करणार? पण मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरने जातात त्या आपण घालवतो. ८५ डेसिबलला आठ तास म्हणजे हद्द झाली, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच. सरकारचा २००० सालचा नियम वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलचा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. गेल्या वर्षी आपल्या मांडवातल्या स्पीकरपाशी तीन-चार वर्षांची पोरे नाचत होती, आणि त्यांच्या आया, म्हणजे आपणच, टाळ्या वाजवत होतो. या वर्षी स्पीकरची तोंडे कुठे असावीत, याबद्दल मंडळातर्फे तरुण मुलांशी बोलायचे असे कार्यकारिणीत ठरले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी चार वाजता माझ्याकडे यावे.

आत्याबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मशीन घरी विसरून आल्या आहेत, हे मला आत्ता त्यांच्या हसण्यावरून कळते आहे. घरी गेल्यावर त्यांना हे सगळे समोर बसून पुन्हा सांगेन.